वाढणारी नंतर बसते

सदाशिव पेठेत अशी बोलवा आहे की, सुनीतीबाईंच्या ऑफिसात केर काढणाऱ्या मुक्ताईचा बुद्ध्यांक एकशे अठ्ठेचाळीस निघाला आणि हिंजवडीतल्या एका कंपनीने तिला त्याच दिवशी मॅनेजर केलं. आमच्या कोपऱ्यावरचे झेरॉक्सवाले बापूराव हे सांगताना आधी चष्मा कपाळावर चढवतात. मग आवाज खाली आणतात. "एकशे अठ्ठेचाळीस! केर काढणारी बाई! आणि आमचे चिरंजीव तीन-तीन क्लासना जाऊन... असो." त्यांचं 'असो' फार चांगलं आहे. मी त्याची नक्कल दोन वर्षं करते आहे, शेवटचा सुस्कारा अजून जमत नाही. लक्ष्मी रोडपर्यंत आकडा एकशे बावन्न होतो आणि मुक्ताई अमेरिकेला जाऊन येते.

खरं असं की, मुक्ताई सुनीतीआत्याच्या ऑफिसात केर काढत नाहीत. तिथला केर आत्या स्वतः काढते, आणि ते बघणाऱ्याला लगेच कळतं. मुक्ताई हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीच्या इमारतीत साफसफाईला आहेत, नऊ वर्षं. मॅनेजर त्या झालेल्या नाहीत. आणि आकडा अठ्ठ्याहत्तर आहे. कागद मी स्वतः पाहिला, कारण त्या परीक्षेतला आवाज माझा होता.

सुनीती ही माझी आत्या. तिच्या दोन खोल्यांच्या वर गणिताचा क्लास आणि खाली दाताचा दवाखाना. मध्ये ती माणसांची बुद्धी मोजते. बहुतेक वेळा आई-वडील मुलाला घेऊन येतात आणि निकाल ऐकल्यावर दोनच सुरांत बोलतात. एक, "आम्हाला वाटलंच होतं." दुसरा, "चुकून तर नाही ना आलं?" आमच्या पेठांत 'शहाणा' ही शिवी आहे आणि 'हुशार' ही टक्केवारी आहे, त्यामुळे तिसऱ्या सुराची कोणाला गरज पडत नाही.

गेल्या वर्षी तिच्याकडे जरा वेगळं काम आलं. हिंजवडीच्या त्या इमारतीत साफसफाईचा ठेका असलेल्या कंपनीला सुपरवायझर नेमायचा होता, आणि तो तिथल्याच तेवीस बायकांतून. ठेकेदाराचा माणूस विक्रम, वय अठ्ठावीस, प्रत्येक वाक्य 'बेसिकली'ने सुरू करणारा. "बेसिकली मॅडम, मी कोणाला पण नेमलं तरी बाकीच्या बावीस रुसणार. सो एक सायंटिफिक नंबर द्या. नंबरवर कोणी रुसत नाही."

सुपरवायझरला दोन गोष्टी मिळतात, एक रजिस्टर आणि एक खुर्ची. खुर्ची निळी, प्लॅस्टिकची, हातांची. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशेजारी असते. इमारतीत हजारभर चाकांच्या खुर्च्या आहेत, पण साफसफाईच्या बायकांनी त्यांवर बसायचं नसतं. हे कुठे लिहिलेलं नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. मुक्ताईंचं वय एकावन्न आणि दोन्ही गुडघे गेलेले. उभं राहणं कमी करा, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. विक्रमने नवीन पाळ्या आखल्या होत्या, त्यात मुक्ताईंच्या नावापुढे पार्किंगच्या इमारतीचे सात मजली जिने होते. म्हणजे नंबर वर आला तर खुर्ची, नाही आला तर जिने. एवढाच हिशोब होता.

बाकी बायका त्यांना अक्का म्हणतात. मी पहिल्या दिवशी 'मावशी' म्हटलं, कारण पुण्यात आम्ही फडकं हातात असलेल्या प्रत्येक बाईला मावशी म्हणतो. तर त्या म्हणाल्या, "तुझ्या आईला बहीण न्हाई का?" मग मीही अक्का म्हणायला लागले.

अक्का जिंतूरकडच्या. गावात चार वर्षं अंगणवाडीत मदतनीस होत्या. अकरा वर्षांपूर्वी नवऱ्याला इकडे वॉचमनची नोकरी लागली, तेव्हा आल्या. हिंजवडीजवळ माणच्या रस्त्याला एक खोली आहे. पाट्या वाचतात, लांब वाक्य आलं की डोळे मिटून म्हणतात, "तूच वाच." त्यांच्या मजल्यावरची रुपाली सांगते की, कोण नोकरी सोडणार ते अक्कांना कंपनीच्या आधी कळतं. "सहा नंबरचा पोरगा चाललाय बग," असं त्या एका मंगळवारी म्हणाल्या आणि शुक्रवारी त्या पोराने राजीनामा दिला. रुपालीने विचारलं, तुम्हाला कसं कळलं? तर म्हणाल्या, "सोमवारपासून त्याचा सोताचा कप न्हाई धुवायला. घरी नेलाय."

आत्या न्यायी बाई आहे. तिच्याकडे होता तो प्रश्नसंच जुना आणि शहरी होता, म्हणून तिने पंधरा दिवस बसून त्याला सगळ्यांसाठी सारखा करायचा प्रयत्न केला. पियानोच्या जागी पेटी काढली. बर्फाच्या माणसाच्या जागी पतंग काढला. बऱ्याच जणींना वाचायला त्रास होतो, म्हणून सूचना स्पीकरवर ऐकवायचं ठरवलं. आणि मग तिला सर्वांत न्यायी कल्पना सुचली.

"स्पृहा, बायका बहुतेक मराठवाड्याकडच्या आहेत. सूचना त्यांच्या बोलीत पाहिजेत, तरच ते फेअर होईल. तू आवाज काढतेस ना सगळ्यांचे?"

मी काढते. आमच्या सोसायटीच्या वॉचमनवरून आणि मोबाइलवरच्या दोन-तीन विनोदी व्हिडिओंवरून मी बोली उचलली, घसा जरा जाड केला आणि एका दुपारी बारा सूचना रेकॉर्ड केल्या. आत्या हेडफोन काढून म्हणाली, "अगदी अस्सल." आत्या जन्मापासून टिळक रोडच्या पलीकडे राहिलेली नाही.

शनिवारी कंपनीच्या कँटीनमध्ये परीक्षा झाली. स्टॉपवॉच माझ्याकडे. तेवीस बायका हात धुऊन, पदर खोचून, देवळात बसतात तशा बसल्या. मी स्पीकर लावला. माझाच आवाज आला, "बायांनो, आता म्या काय सांगतुया त्ये नीट ऐका, अन् मंग उत्तर द्यायलाव."

मग मागून अक्का म्हणाल्या, "ही बाई कुठली म्हनायची? तोंड साताऱ्याचं, शेपूट लातूरचं."

रुपाली फिसकन हसली. मग तेवीसच्या तेवीस हसल्या. एकजण टेबलावर डोकं ठेवून हसत होती. आत्या गोरीमोरी होऊन "शांतता, शांतता, वेळ चालू आहे" म्हणत होती. वेळ खरोखरच चालू होता. चाळीस सेकंद हसण्यात गेले आणि पहिल्या भागातून ते कोणालाच परत मिळाले नाहीत.

दुसरा भाग एकेकीला समोर बसवून. आत्या चित्र दाखवायची आणि विचारायची, यात काय कमी आहे? अक्कांपुढे आलेल्या चित्रात एक जेवणाचं टेबल होतं. चार ताटं वाढलेली, तीन खुर्च्या. अक्कांनी अकरा सेकंद पाहिलं.

"काही कमी न्हाई."

"नीट पाहा. अजून वेळ आहे."

"पाहिलं की. ताटं चार हायेत. बसणारे तिघं."

"मग चौथं ताट?"

"वाढणारीचं. तिचं वाढून ठिवलंय. ती नंतर बसती." मग चित्र जरा जवळ घेऊन म्हणाल्या, "पान्याचा तांब्या तेवढा दिसंना."

उत्तरपत्रिकेत 'खुर्ची' लिहिलेलं होतं. आत्याने शून्य घातलं. तिची शून्यं फार गोल असतात. हे वरून जरा उघडं राहिलं.

पुढचा प्रश्न चारांतून वेगळं कोण ते सांगण्याचा. बैल, मांजर, कावळा, कुत्रा.

"कावळा," अक्का लगेच म्हणाल्या.

आत्याला इतका आनंद झाला की तिने, नियमात नसताना, "का बरं?" असं विचारलं.

"बाकीच्यांला घालतो ते त्यांनी खावं म्हून घालतो. कावळ्याला घालतो ते दुसऱ्या कुनासाठी."

पक्षी हा शब्द आलाच नाही. पण कावळा बरोबर होता, म्हणून गुण पूर्ण. आत्या पेन टोपणात घालत-काढत राहिली. ज्या डोक्याने कावळा सांगितला त्याच डोक्याने खुर्ची नाकारली होती, आणि कागदावर एकीकडे एक होता आणि एकीकडे शून्य.

तिसऱ्या भागात लाल-पांढरे लाकडी ठोकळे. कार्डावरचं नक्षीकाम नऊ ठोकळ्यांत जुळवायचं, वेळ दोन मिनिटं. एका टेबलाला दोघी. अक्कांसमोर रुपाली होती. अक्कांचे आठ ठोकळे एका मिनिटात बसले. माझ्या घड्याळात छप्पन्न सेकंद, मी लिहूनही ठेवलं. नववा त्यांनी उचलला आणि मुठीत धरून बसल्या. समोर रुपाली पाचव्यावर अडली होती. मिनिट गेलं. अक्का खिडकीबाहेर बघत होत्या. मी स्टॉपवॉच दाबलं.

आत्या आली. "अक्का, शेवटचा कुठाय?"

अक्कांनी मूठ उघडली.

"अहो, मग ठेवला का नाहीत?"

"तिचं व्हायचंय की."

"पण ही प्रत्येकीची वेगळी परीक्षा आहे. तुम्ही तुमचं संपवायचं."

अक्का आत्याकडे बघत राहिल्या. लहान मुलाला रस्ता ओलांडायला शिकवताना बघतात तशा. "बाई, आमची बस साडेसहाला सुटती. आठजणी खाली आल्याबिगर ड्रायव्हर चालू करत न्हाई. जी पयली उतरती ती गेटावर उनात उभी ऱ्हाती. पयली झाली म्हून बस लवकर सुटती का?"

आत्याच्या पुस्तिकेत बसबद्दल काही नव्हतं. अपूर्ण आकृती म्हणजे शून्य.

सगळं संपल्यावर आत्याने आपल्या वहीसाठी म्हणून प्रत्येकीला एक प्रश्न विचारला. त्याला गुण नव्हते. तुमच्यात हुशार कोणाला म्हणतात? चैताली म्हणून चोवीस वर्षांची, वाशीमची, बारावी झालेली मुलगी आहे. ती म्हणाली, "जो फास्ट आन्सर देतो तो." रुपाली म्हणाली, "जिला घरचं, बाहेरचं दोन्ही जमतं ती, अन् नवरा पन वरडत न्हाई." अक्का उठता उठता, एक हात टेबलावर, एक गुडघ्यावर ठेवून म्हणाल्या, "जिला सांगावं लागत न्हाई ती."

निकाल असा लागला की चैताली एकशे नऊ, रुपाली एक्क्याऐंशी, अक्का अठ्ठ्याहत्तर. तेवीसांत सतराव्या.

आत्याने रविवारभर कागद पुन्हा तपासले. मग निकालाखाली एक परिच्छेद लिहिला की, या संचाचे मापदंड शहरी शाळांतल्या मुलांवरून ठरलेले असल्याने हे आकडे या बायकांना लावून क्रम ठरवू नये. सोमवारी विक्रमचा फोन आला. आत्याने स्पीकरवर ठेवला होता, मी पलीकडच्या खोलीत होते, म्हणून शब्द न् शब्द आहे माझ्याकडे.

"मॅडम, ते खालचं पॅराग्राफ वगैरे छान आहे. पण बेसिकली माझ्या शीटमध्ये कॉलम एकच आहे."

"अहो, पण तो आकडा वापरू नका असं मी लिहिलंय."

"मग काढला कशाला?"

यावर आत्याने घसा खाकरला. दोनदा. ते खाकरणं मी घरात एकदा करून दाखवलं. बाबा हसले, आत्या नाही हसली, म्हणून ते मी सोडून दिलं.

चैताली सुपरवायझर झाली. खुर्ची चैतालीची. अक्कांनी तिच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, असं रुपालीने सांगितलं.

महिन्याभराने आत्याने मला पुन्हा हिंजवडीला पाठवलं. तिला संच नव्याने करायचा होता, आणि बायका खरोखर कशा बोलतात ते मी जाऊन ऐकावं असं तिचं म्हणणं. बसने दोन तास लागले, त्यातला एक शेवटच्या दोन किलोमीटरचा. दुपारची जेवणाची सुट्टी होती. तळमजल्यावर, पँट्रीच्या मागे, मोकळ्या खोक्यांचे पुठ्ठे पसरून बायका जेवायला बसतात. मलाही एक पुठ्ठा मिळाला. अक्का समोर डबा उघडून बसल्या होत्या. मान वर करून मी त्यांच्याशी बोलत होते आणि त्यांनी वरूनच माझ्या हातावर ठेचा ठेवला.

"झाला का तुझा आवाज शिकून?" त्यांनी विचारलं.

झाला होता. अर्धा तास मी बोलता बोलता कान देऊन ऐकत होते आणि आता माझ्याकडे अक्का पूर्ण होत्या. तो शब्दाच्या शेवटी येणारा हेल, 'न्हाई'च्या आधीचा तो छोटासा श्वास, घास गिळून मग बोलणं, सगळं. मी त्यांच्यासमोरच त्यांचं बोलणं करून दाखवलं. रुपालीच्या हातातला तुकडा खाली पडला. "अगं बया, अक्काच की!"

अक्कांनी डोळे बारीक करून ऐकलं. "आवाज माझा हाय," त्या म्हणाल्या. "पर मी न्हाई."

"फोनवर कोणालाही कळणार नाही," मी म्हटलं.

"पयल्या वाक्यात कळंल."

"पैज?"

"लाव."

"मी जिंकले तर तुम्ही मला जिंतूरच्या सगळ्या शिव्या शिकवायच्या."

"अन् हरलीस तर," अक्का म्हणाल्या, "त्या मशिनीतली ती बाई काढायची. तुझ्याच आवाजात बोलायचं. आमाला पुन्याचं कळतं, रोज ऐकतो."

त्यांनी आपला फोन माझ्या हातात दिला. मी चैतालीला लावायचं ठरवलं. ती तिसऱ्या मजल्यावर रजिस्टर भरत होती, आणि तिला फसवलं की एकशे नऊला फसवलं. वाक्यही मी विचार करून निवडलं. अक्कांच्या तोंडी कुठलं वाक्य सगळ्यांत खरं वाटेल? गुडघ्यांचं आणि त्या खुर्चीचं, दुसरं काय! सगळी गोष्ट त्या खुर्चीवरच तर अडली होती. मी स्पीकर लावला. रुपाली तोंडावर पदर धरून बसली.

"हॅलो, अक्का?" चैताली.

घास गिळल्यासारखं करून, तो छोटा श्वास घेऊन, मी म्हटलं, "चैताली, गुडघं लई दुखायलेत ग. ती खुर्ची जरा खाली पाठव की."

मी अक्कांकडे विजयाने पाहिलं.

"कोण बोलतंय?" चैतालीने विचारलं. आवाजात हसू नव्हतं, राग पण नव्हता. "अक्कांचा फोन कोणाकडे आहे?"

"आगं, मीच की."

"अक्का कधी काही मागत नाहीत. आणि खुर्ची पहिल्या दिवसापासून खालीच आहे. त्या बसल्यात की तिच्यावर."

मी पाहिलं. अक्कांच्या दोन्ही बाजूंना निळे हात होते, त्यांतल्या एकावर डब्याचं झाकण. पुठ्ठ्यावर बसून अर्धा तास मी मान वर करून त्यांच्याशी बोलले होते, आणि मी कशाकडे बघते आहे ते मला कळलं नव्हतं.

"हॅलो? जिन्यांचं विचारायचं असेल तर ते आम्ही सातजणींनी वाटून घेतलेत," चैताली म्हणाली. "विक्रम सरांना नका सांगू. शीटवर अजून अक्कांचंच नाव आहे." आणि तिने फोन ठेवला.

"तुम्ही सांगितलं होतं तिला? खुर्चीचं?" मी विचारलं.

"मी कशाला सांगू?" अक्कांनी फोन घेतला, पदराला पुसला आणि कनवटीला लावला. "चैताली हुशार हाय. तुझ्या आत्याच्या परीक्षेत बरोबर आलं व्हतं की."

दुसऱ्या दिवशी मी आत्याच्या ऑफिसात बसून बाराच्या बारा सूचना पुन्हा रेकॉर्ड केल्या, पैजेप्रमाणे माझ्या स्वतःच्या आवाजात. पहिलीच चार वेळा करावी लागली. एकदा त्यात बापूराव आले, एकदा विक्रम, एकदा आत्या.